कार्डाची चोरी आणि तीन दिवसांची मुदत



माझी शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. अशा माणसाने बँकांच्या कारभारावर बोलावे हे कोणाला धाडसाचे वाटेल. पण कामगाराचा पगार बँकेत जमा होऊ लागला, त्या दिवसापासून बँक हा आमचा विषय झाला.

2016 साली एटीएम चालविणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत चोरांची प्रणाली शिरली आणि देशातील सुमारे 32 लाख डेबिट कार्डे धोक्यात आली. गंमत अशी की, फसवणुकीच्या तक्रारी आल्या फक्त 641, आणि रक्कम 1 कोटी 30 लाखांची. घाव थोड्यांना बसला, झळ मात्र लाखोंना. एकट्या स्टेट बँकेने सुमारे 6 लाख कार्डे बंद केली. ही ऑक्टोबरची गोष्ट. आणि 8 नोव्हेंबरला पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या! ज्याचे जुने कार्ड बंद, नवे अजून हाती नाही आणि खिशातली नोटही बाद, त्याने खोपोलीच्या बाजारात मीठमिरची कशाने घ्यावी?

कार्ड बंद करण्यावाचून बँकेला गत्यंतर नव्हते, हे मला मान्य आहे. पण सुरक्षितता बँकेची आणि खोळंबा गिऱ्हाइकाचा, ही वाटणी कोणी केली?

गिऱ्हाईक तरी काय करते? चार दिवस धसका घेते. अमेरिकेत 2013 च्या अखेरीस टार्गेट या दुकानांतून सुमारे 4 कोटी कार्डांची माहिती चोरीस गेली. विक्री काही काळ मंदावली. पुढे माणसे परत त्याच दारात गेली. त्यांना मी नावे ठेवणार नाही. घरातले पीठ संपले की माणूस दुकानात जातोच.

रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्ये परिपत्रक काढले. चूक बँकेची असेल, तर खातेदाराला तोशीस नाही. चूक बँकेची नाही आणि खातेदाराचीही नाही, मधल्याच कोणाची आहे, तर निरोप मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवावे. तरीही तोशीस नाही. चूक खातेदाराची आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. डिसेंबरात सहकारी बँकांसाठीही असेच परिपत्रक निघाले. कायदा चांगला आहे, हे मोकळेपणाने सांगतो.

पण हे तीन दिवस कोणाचे? आमच्या खालापूर भागातला एक कामगार. दुपारपाळीला फोन फाटकावर जमा. पैसे गेल्याचा निरोप आला तो इंग्रजीत. सुटल्यावर त्याला वाटले, जाहिरात असेल. मुलीने वाचून दाखविला तो दुसऱ्या दिवशी. मग खाडा करून तो शाखेत गेला, तर तिथे त्याला सांगितले, “साहेब रजेवर आहेत, सोमवारी या.” तोंडी बोलणे झाले, कागद काही झाला नाही. सोमवारी मुदत उलटली होती! आम्ही भांडलो, पैसे मिळाले. पण चार खाड्यांचा पगार कोणी दिला नाही.

तेव्हापासून आमच्या कचेरीत मराठी अर्जाचा नमुना ठेवला आहे. दोन प्रती काढा. एक शाखेत द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. साहेब रजेवर असले, तरी शिक्का रजेवर नसतो.