गवत कीं पडीत ?



नंदुरबार जिल्ह्यांतील शेतीची व वस्तीची जुनी हकीकत सांगण्याचें काम आज मजकडे आलें आहे. मी इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन शहादा तालुक्यांत मास्तरकी केली, एवढीच माझी विद्या. वर्गांत मी दरवर्षीं एक वाक्य सांगत असें: "१८१८ सालीं इंग्रजी अंमल आला तेव्हां आपला मुलूख पडीत होता, मग शेतकरी आले व त्यांनीं तो लागवडीस आणला." एके वर्षीं भिलाटींतला एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, पडीत होता, तर आमचे आजे-पणजे खात काय होते?" मीं त्याला खालीं बसविलें. उत्तर मजपाशीं नव्हतें. त्या मुलाचा बाप आमच्याच शेतावर सालदार होता, हेंही येथें सांगून टाकतों.

आमच्या मुलखाची ठेवण आधीं ध्यानांत घ्यावी. पश्चिमेस सह्याद्रि पाऊस अडवितो, उत्तरेस सातपुडा, आणि मध्यें तापीचें काळें खोरें. सपाटीवर वर्षास सुमारें २५ ते ३० इंच पाऊस पडतो व तोही चार महिन्यांत. अशा हवेंत झाडें विरळ होतात आणि गवत माजतें. मारवेल, पवन्या, कुसळी, कुंदा यांचेंच तें राज्य. नांगर चार वर्षें थांबला कीं शेताचें कुरण होतें.

आणि नांगर अनेकदां थांबलेला आहे. तापी व गोमाई यांच्या संगमावर प्रकाशा येथें १९५४-५५ सालीं पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनीं उत्खनन केलें. तेथें ताम्रपाषाणयुगापासूनचे वस्तीचे थर निघाले. परंतु पहिली वस्ती मोडल्यावर जागा कांहीं काळ ओसाड राहून मगच लोखंड वापरणारे लोक आले, असें दिसून आलें. मोंगलाईंत सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा मोठा रस्ता नंदुरबारवरून जाई, व त्याच्या दुतर्फा पिकें होतीं. पुढें १८०२ सालीं होळकरांच्या फौजेनें खानदेश लुटला, १८०३-०४ चा दुष्काळ पडला, मागोमाग पेंढारी आले. गांवें उठलीं. १८१८ सालीं कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें कारभार हातीं घेतला, तेव्हां जुन्या शेतांवर गवत व झाडोरा वाढून त्यांत वाघांचा संचार होता. म्हणजे माझें वाक्य अर्धें खरें होतें.

उरलेलें अर्धें असें कीं, गवत म्हणजे पडीत नव्हे. त्या कुरणांत भिल्लांचीं गुरें चरत. उन्हाळ्यांत वाळलें गवत पेटवीत, म्हणजे नवा कोंब लवकर फुटे. शिकार, मोह, डिंक, मध, आणि जोडीस डोंगरउतारावरची थोडी नागली यांवर त्यांचें वर्ष निघे. ठेलारी आपल्या मेंढ्या घेऊन फिरत. सारंगखेड्याच्या जत्रेंतला घोड्यांचा बाजार आपण ऐकून असाल. 

पण मला सर्वांत नवल वाटलें तें रोशाचें. रोशा, ज्यास कोणी तिखाडी म्हणतात, हें सुवासिक गवत आमच्या टेकड्यांवर वाढतें. पावसाळा सरतां तें फुलावर आलें म्हणजे कापीत. ओढ्याच्या कांठीं भट्टी लावून मोठ्या भांड्यांत पाण्यासह उकळीत आणि वाफ नळीवाटें थंड पाण्यांतल्या भांड्यांत उतरवून तेल काढीत. वाफ निवविण्यास पाणी पुष्कळ लागे, म्हणून भट्टी ओढ्यापाशींच. मोतिया व सोफिया अशा तेलाच्या दोन जाती, त्यांत मोतिया सरस. एकोणिसाव्या शतकांत हें तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांस व पुढें कॉन्स्टँटिनोपलला जाई, आणि तिकडे गुलाबाच्या अत्तरांत मिसळलें जाई. भेसळीचा माल म्हणून कां होईना, आमच्या 'पडीत' जमिनीचा सुगंध सुलतानाच्या राजधानीपर्यंत पोंचला होता!

मग हें गवत गेलें कसें? सरकारास सारा हवा होता, आणि गवतावर सारा थोडा. म्हणून हलक्या साऱ्याचे कौल दिले, तगाई दिली. परंतु कुंद्याचीं मुळें काळ्या मातींत फार खोल जातात. तीं उखडण्यास जड नांगर व एकेका नांगरास अनेक बैलजोड्या लागत. भिल्लापाशीं त्या कोठून असणार? त्या गुजर व इतर शेतकऱ्यांपाशीं होत्या. त्यांचे कष्ट मी कमी लेखीत नाहीं; माझे पूर्वज त्यांतलेच. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी पेटली, कापसाचे भाव चढले, आणि उरल्यासुरल्या कुरणांत नांगर शिरला. १८७८ च्या जंगल कायद्यानें डोंगराकडची वाटही आंवळली. ज्या भिल्लांस जमिनी मिळाल्या होत्या त्यांच्या पुष्कळशा सावकारांकडे गेल्या. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर, १९०१ सालीं, जमीन विकण्यास बंदी करणारी 'नवी शर्त' कायद्यांत आली. पण जुन्या शर्तीच्या जमिनींस तिचा उपयोग नव्हता. कुरणाचा धनी त्याच मातींत सालदार झाला. १९७१-७२ सालीं शहाद्यास अंबरसिंग महाराजांनीं हाच प्रश्न चव्हाट्यावर मांडला, आणि आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा १९७४ चा आहे.

पूर्वीं नांगर थांबला कीं गवत परत येई. आतां विहिरी, कूपनलिका, केळी, पपई व ऊंस यांमुळें तो थांबतच नाहीं.

तो मुलगा आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. गेल्या पावसाळ्यानंतर त्यास शेतावर बोलावून मीं हें सर्व सांगितलें. आमच्या त्या शेतास घरांत अजून 'कुरण' असेंच म्हणतात. त्यानें ऐकून घेतलें, मुरमाड कोपऱ्यांतून रोशाची एक काडी उपटली, बोटांत चुरडली आणि माझ्यापुढें धरली. सातबाऱ्यावर तेवढ्या तुकड्याची नोंद 'पोटखराब' अशी आहे.