श्रुतिका, संगीतिका आणि भाषण : कानांनी जपलेली मराठी



१९५५ हे वर्ष भिलाईच्या आणि मराठी नभोवाणीच्याही इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतासह वर्षभर घरोघरी पोहोचली. पुढे कारखान्याच्या निमित्ताने मराठी कुटुंबे भिलाईत स्थिरावली. शेजार हिंदीचा आणि छत्तीसगढीचा. मराठी उरली ती घरात आणि शाळेत. अशा घरांत रेडिओ हा माहेरचा माणूस होता.

त्यातही संध्याकाळचे मोल अधिक. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातील एक विद्युतभारित थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि त्याहून उंचावरील थरावरून त्या लहरी परावर्तित होऊन दूरवर उतरतात. त्यामुळे दिवसा न लागणारी दूरची केंद्रे रात्री खरखरीतून का होईना, ऐकू येतात. दिवस मावळला की मराठीचा प्रदेश असा विस्तारत असे.

नभोवाणीने मराठीला श्रवणाचे तीन संस्कार दिले. पहिला श्रुतिकेचा. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी यांच्या केवळ आवाजांतून एक नांदते घर उभे राहिले. दुसरा संगीतिकेचा. मंगेश पाडगावकरांची ‘बिल्हण’ पु. ल. देशपांडे यांच्या संगीताने सजली. बिल्हणाच्या दंतकथेत कवी आणि राजकन्या यांच्यामध्ये पडदा असतो; ओळख पटते ती आवाजाने. नभोवाणीला याहून अनुरूप कथा कोणती? तिसरा संस्कार भाषणाचा. श्रोत्याला पान मागे उलटता येत नाही. म्हणून वक्त्याने एका वेळी एकच मुद्दा, नेमक्या शब्दांत आणि ठरल्या वेळेत मांडायचा असतो.

ऐकण्याची ही परंपरा छत्तीसगढच्या मातीलाही परकी नाही. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई पंडवानी गात, तेव्हा हातातील तंबुरा कधी भीमाची गदा होई, कधी अर्जुनाचे धनुष्य. एकाच कंठातून महाभारत उभे राही.

आज प्रश्न आहे तो कानांचा. मराठी माध्यमातील मूल मराठी वाचते, परीक्षेत लिहिते. परंतु आजी-आजोबांचा आवाज थांबल्यावर ते मराठी ऐकणार कोठे? जी भाषा कानावर पडत नाही, तिच्यातील लाड, रुसवा, उपरोध आणि आर्जव पुस्तकात असूनही मुलाच्या जिभेवर येत नाहीत. व्याकरण शुद्ध राहते आणि बोलणे मुके होते.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेने वर्षातील एक संध्याकाळ श्रवणासाठी राखून ठेवावी. पडद्याआडून मुलांनी वीस मिनिटांची श्रुतिका सादर करावी, एक छोटी संगीतिका गावी. एखाद्या माजी विद्यार्थ्याने भट्टीवरच्या पाळीविषयी दहा मिनिटे मराठीत बोलावे. नेपथ्याचा आणि वेशभूषेचा खर्च नाही. लागतो तो सराव. हे सारे ध्वनिमुद्रित करून शाळेत जतन करावे. साठ वर्षे शाळेने मराठी अक्षरे गिरवून घेतली. त्या अक्षरांचा आवाज पुढच्या पिढीच्या कानांपर्यंत पोहोचवणे हे आता शाळेइतकेच घराचेही काम आहे.