हलत्या दाताचा तुरुंग

‘पार्डन अस’ हा जेम्स पॅरट यांनी दिग्दर्शित केलेला, १९३१ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन विनोदपट म्हणजे लॉरेल आणि हार्डी यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट होय. मात्र ही लांबी मुळात योजलेली नव्हती. निर्माते हॅल रोच यांना ‘द बिग हाउस’ या १९३० च्या गंभीर तुरुंगपटाचे विडंबन करणारा दोन रिळांचा, म्हणजे जेमतेम वीस मिनिटांचा, स्वस्तातला लघुपट काढायचा होता. त्यासाठी मूळ चित्रपटाचे नेपथ्य मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीकडून उसने मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु कंपनीने मोबदल्यात याच जोडीचा एक चित्रपट मागितला, तेव्हा रोच यांनी स्वतःच तुरुंग उभारला, आणि तो खर्च लघुपटातून निघणे शक्य नसल्याने कथा जवळजवळ तासाभराची करण्यात आली. शाळा, उपोषण, पलायन असे प्रसंग एकापुढे एक जोडलेले दिसतात, ते यामुळेच.

कथेला अमेरिकेतील दारूबंदीची, म्हणजे १९२० ते १९३३ या काळात मद्याची निर्मिती व विक्री निषिद्ध ठरवणाऱ्या कायद्याची, पार्श्वभूमी आहे. घरी बनवलेली बिअर लॉरेल एका पोलिसालाच विकतो, कारण तो त्याला ट्रामचा कंडक्टर वाटलेला असतो. आणि दोघेही तुरुंगात जातात.

तेथे सारा विनोद लॉरेलच्या एका हलत्या दातावर उभा राहतो. वाक्य संपताच या दातातून फुर्रकन कुचेष्टेचा आवाज निघतो. तुरुंगाधिकारी त्याला उद्धटपणा समजतो, तर ‘टायगर’ नावाचा दांडगा कैदी त्याला निर्भयपणा मानून लॉरेलवर खूश होतो. वस्तुतः त्या आवाजामागे कोणताच हेतू नसतो; ज्याला जे ऐकण्याची सवय, ते त्याला ऐकू येते. मूकपटाचे युग नुकतेच सरलेले असताना सुचलेली ही युक्ती बोलपटावाचून साधलीच नसती, आणि तिला खर्चही काही नव्हता. तुरुंगाच्या भिंतींना मात्र इतका पैसा लागला, की तो भरून काढण्यासाठी कथाच लांबवावी लागली.

या बोलपटाच्या स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन आणि इटालियन आवृत्त्याही चित्रित झाल्या. त्या भाषा येत नसल्याने दोघे नट फळ्यावर उच्चारानुसार लिहिलेले संवाद वाचून म्हणत. मराठी प्रेक्षकांनी त्यांना जाड्या-रड्या ही नावे दिली, आणि त्यांतील ‘रड्या’ हे नाव लॉरेलच्या चेहऱ्याचे अचूक वर्णन ठरले.

कैद्यांचे बंड लॉरेलच्या हातून अजाणता फसते आणि दोघांना माफी मिळते. नवे आयुष्य सुरू करण्याचा उपदेश करणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्यालाच लॉरेल निरोप घेताना बिअरच्या खोक्यांची मागणी नोंदवू का, असे विचारतो, आणि त्याच्या प्रश्नामागून दाताचा तोच आवाज येतो.