हातातला कोयता आणि कायदा



दसरा-दिवाळी झाली की बिद्रीच्या साखर कारखान्याचा हंगाम जवळ येतो. शिवारात ऊसतोड सुरू होते. बीडकडच्या टोळ्या येतात. ज्याच्या त्याच्या हातात कोयता असतो. घरोघरी विळा, खुरपं, कुऱ्हाड तर असतेच. मग कुणी विचारतो, "गुरुजी, कोयता घेऊन रस्त्यानं निघालो तर पोलीस धरतील काय?"

प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर आज सांगतो.

अवजार कोणतं, शस्त्र कोणतं?

आपण सुताराच्या करवतीला हत्यार म्हणतो आणि तलवारीलाही हत्यारच म्हणतो. कायदा मात्र दोन्ही वेगळी मानतो. एक अवजार, दुसरं शस्त्र.

इंग्रजांनी 1878 साली हत्यारांचा कायदा केला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी घातली. स्वराज्य आल्यावर 1959 साली आपल्या संसदेनं नवा कायदा केला. तो 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की, जी वस्तू केवळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेली आहे, ती शस्त्र नव्हे. साधी काठीसुद्धा शस्त्र नव्हे.

मग शस्त्र कोणतं? तलवार, गुप्ती, खंजीर, भाला. तसंच 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचा सुरा, जर तो घरकामाचा, शेतीचा किंवा धंद्याचा नसेल तर. अशी शस्त्रं विनापरवाना बाळगली तर 1 ते 3 वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो.

हौसेची किंमत

अलीकडं काही पोरं वाढदिवसाला तलवारीनं केक कापतात. फोटो काढून मोबाइलवर सगळ्यांना दाखवतात. पोलीसही तो फोटो बघतात! महाराष्ट्रात अशा कितीतरी पोरांवर गुन्हे दाखल झाले आहेत. पुढं सैन्यात भरती व्हायचं, नोकरी धरायची, तर पोलिसांकडून चौकशी होते. एका रात्रीची हौस तिथं आडवी येते.

कोयता तोच, काम वेगळं

उसाच्या फडात कोयता भाकरी देतो. तोच कोयता बाजारात कुणावर उगारला तर? 2022 आणि 2023 साली पुण्यात कोयते नाचवून लोकांना भिववणाऱ्या टोळ्यांचा बोभाटा झाला. धमकावणं हा वेगळा गुन्हा आहे. तिथं "हे शेतीचं अवजार आहे" म्हणून सुटका होत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. 1951 चा महाराष्ट्र पोलीस कायदा आहे. सण, मोर्चा, निवडणूक असली की त्याच्या 37 व्या कलमाखाली जिल्हादंडाधिकारी बंदीचा हुकूम काढू शकतात. तो पुष्कळदा 15 दिवसांचा असतो. त्यात सुरी, काठी, लाठी, इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरायला मनाई करता येते. ती वस्तू पोलीस काढून घेतात. ती सरकारजमा होते. खटलाही होतो. म्हणून हुकूम लागला की तो वाचावा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत? कोणत्या गावांना? कुणाला सूट आहे? आता तुम्हांला अक्षर कळतं. दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायचं कारण नाही.

याच कायद्याचं 122 वं कलम रात्रीचं आहे. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत, गुन्ह्याच्या इराद्यानं धोकादायक हत्यार घेऊन कुणी सापडला, तर त्याला शिक्षा होते.

काय करावं?

विळा-कोयता कामापुरताच बरोबर घ्यावा. पात्याला पोत्याचं फडकं गुंडाळावं. काम झालं की घरी ठेवावा. कोयता कमरेला लावून बाजारात, तमाशाला, जत्रेला जाऊ नये. दारूच्या गुत्त्यावर तर मुळीच नाही. मर्दानी खेळाच्या पथकानं तलवारी घेऊन निघण्याआधी पोलीस ठाण्यात विचारावं आणि परवानगी लेखी घ्यावी.

पोलिसांनी अडवलं तर पळू नये, हुज्जत घालू नये. कुठं निघालो, कोणाच्या फडात काम आहे, मुकादम कोण, ते खरं सांगावं. विलायतेत 1988 च्या कायद्यानं रस्त्यावर सुरी बाळगणाऱ्यानंच योग्य कारण दाखवायचं असतं. आपल्याकडं शेतीच्या अवजाराला तशी सक्ती नाही. तरी खरं कारण चटकन सांगता आलं तर निम्मा घोटाळा तिथंच मिटतो.

समजा, अटक झालीच. तर का धरलं हे पोलिसांनी सांगितलं पाहिजे. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत न्यायाधीशापुढं उभं केलं पाहिजे. हा हक्क राज्यघटनेच्या 22 व्या कलमानं दिला आहे. गरिबाला वकील फुकट मिळतो. त्यासाठी विधी सेवा समितीकडं अर्ज करावा.

आणि पंचनाम्याचा कागद पुढं आला तर? कुणी पंच म्हणून बोलावलं तरी तेच. आधी सगळा वाचावा. "कोयता" लिहिलंय की "तलवार", पात्याची लांबी किती, जागा कोणती, वेळ कोणती, ते बघावं. पटलं तर सही करावी. चुकीचं असेल तर तिथंच सांगावं. त्या एका शब्दावर माणसाची वर्षं जातात.

अंगठा उठवायचे दिवस गेले, मंडळी. वाचा, मगच सही करा.