वाढले की वाढवले?
(इंधनाचे भाव आणि ग्राहकाचा कर्तेपणा)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते या शाळेत गणित शिकवीत. यंदाचा विषय पालकांनी सुचविला आणि तो पेट्रोलच्या भाववाढीचा निघाला, तेव्हा संयोजकांना थोडा संकोच वाटला असावा. ज्याने सारी हयात व्याकरण आणि काव्यशास्त्र शिकविण्यात घालविली त्याने पेट्रोलवर काय बोलावे? परंतु भाववाढीची चर्चा आपण भाषेतच करतो आणि पुष्कळदा भाषेतच चुकतो. म्हणून व्याकरणाच्या वाटेने या विषयाकडे जाण्याची अनुज्ञा मी आपणाकडे मागतो. हिशेब लागेल तेथे गुरुजींचे स्मरण करू.

आपण म्हणतो, ‘पेट्रोलचे दर वाढले’. हे वाक्य नीट पाहा. ‘वाढणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. पाऊस वाढला, गवत वाढले, तसे दर वाढले. या वाक्यात कुणी काही केलेले नाही, जे घडले ते आपोआप घडले. आता एकच अक्षर घालून म्हणू या, ‘पेट्रोलचे दर वाढवले’. तत्क्षणी प्रश्न उभा राहतो, कुणी वाढवले? कर्ता शोधावा लागतो. माझे आजचे प्रतिपादन एवढेच आहे, की इंधनाच्या भावात काही भाग खरोखर ‘वाढतो’ आणि काही भाग ‘वाढवला’ जातो. हे दोन भाग वेगळे करता आले, तरच आपला संताप योग्य ठिकाणी पोहोचेल. एरव्ही टाकी भरून होताच तो विझून जातो.

प्रथम ‘वाढले’ या पक्षाचा विचार करू. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल परदेशांतून आणतो. त्यामुळे जगाच्या पाठीवर कोठेही युद्ध पेटले की त्याची झळ आपल्या पंपावर जाणवते. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध झाले, अरब राष्ट्रांनी तेल रोखून धरले आणि पिंपाला सुमारे तीन डॉलर असलेला भाव काही महिन्यांत चौपटीच्या घरात गेला. त्याच नोव्हेंबरात श्री. अटलबिहारी वाजपेयी पेट्रोलदरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले, हे माझ्या पिढीला आठवत असेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हाही कच्चे तेल शंभर डॉलरच्या पुढे गेले. या वाढीचा कर्ता दिल्लीत नव्हता आणि बेंगळुरातही नव्हता. येथे ‘वाढले’ हेच क्रियापद योग्य होय.

आता ‘वाढवले’ या पक्षाकडे वळू. एक लिटर पेट्रोलची किंमत म्हणजे तेलाचा मूळ भाव, वाहतूक, केंद्राचे उत्पादन शुल्क, पंपचालकाचे कमिशन आणि राज्याचा विक्रीकर यांची बेरीज. एप्रिल २०२२ मध्ये दिल्लीत लिटरला १०५ रुपये ४१ पैसे पडत. त्यांत केंद्राचे शुल्क २७ रुपये ९० पैसे आणि राज्याचा कर सुमारे १७ रुपये होता. म्हणजे ग्राहकाने दिलेल्या शंभर रुपयांतले बेचाळीस-त्रेचाळीस रुपये तेलाचे नव्हते, कराचे होते.

हा कर कसा वाढवला गेला तेही पाहण्यासारखे आहे. २०१४ मध्ये पेट्रोलवरील केंद्रीय शुल्क लिटरला ९ रुपये ४८ पैसे होते. मे २०२० मध्ये ते ३२ रुपये ९८ पैशांवर गेले. त्याच सुमारास, एप्रिल २०२० मध्ये, भारत जे कच्चे तेल घेतो त्याचा सरासरी भाव पिंपाला वीस डॉलरपर्यंत उतरला होता. तेल मातीमोल झाले आणि आपल्याला मात्र ते जाणवले नाही, कारण उतरलेल्या भावाची जागा चढलेल्या शुल्काने घेतली. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये या शुल्कात पाच रुपयांची आणि मे २०२२ मध्ये आठ रुपयांची कपात झाली, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. टाळेबंदीच्या काळात सरकारचे उत्पन्न आटले होते आणि खर्च वाढला होता, हाही युक्तिवाद पोकळ नाही. कर हा काही आपला शत्रू नव्हे. रस्ते, रुग्णालये आणि शाळा करांतूनच उभ्या राहतात. माझा आक्षेप निराळा आहे. वाढवलेल्या गोष्टीला ‘वाढले’ म्हणू नये, एवढेच माझे मागणे आहे.

‘बाजार ठरवितो’ हे वाक्यही असेच तपासून घ्यावे. पेट्रोलचा दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. १६ जून २०१७ पासून देशभर तो रोज बदलू लागला. परंतु ४ नोव्हेंबर २०२१ पासून २१ मार्च २०२२ पर्यंत कच्चे तेल भडकत असूनही कंपन्यांनी दर हलवला नाही. त्या अवधीत पाच राज्यांच्या विधानसभांच्या निवडणुका होऊन गेल्या. नंतरच्या सुमारे पंधरवड्यात दर दहा रुपयांनी चढला. बाजार रोज जागा असतो, असे आपल्याला सांगण्यात आले होते. तो साडेचार महिने कसा झोपला, हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे.

राज्येही या व्याकरणातून सुटलेली नाहीत. आपले बेळगाव तीन राज्यांच्या सांध्यावर वसले आहे, त्यामुळे हा धडा आपल्याइतका जवळून फारच थोड्यांना पाहावयास मिळतो. तेल तेच, कंपन्या त्याच, आणि घाट उतरला किंवा चंदगडच्या वाटेला लागले की दर निराळा! एप्रिल २०१२ मध्ये गोव्यात श्री. मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने पेट्रोलवरील व्हॅट वीस टक्क्यांवरून जवळजवळ शून्यावर आणला आणि पेट्रोल एका रात्रीत लिटरमागे सुमारे अकरा रुपयांनी उतरले. पुढील वर्षांत तो कर टप्प्याटप्प्याने पुन्हा चढला. नोव्हेंबर २०२१ मध्ये कर्नाटकाने आपल्या करात सात रुपयांची कपात केली, महाराष्ट्राने त्या वेळी केली नाही. तेव्हा मुंबईत पेट्रोल १०९ रुपये ९८ पैसे आणि बेंगळुरात १०० रुपये ५८ पैसे असा भेद पडला. जून २०२४ मध्ये त्याच कर्नाटकाने विक्रीकर २५.९२ टक्क्यांवरून २९.८४ टक्क्यांवर नेला आणि पेट्रोल तीन रुपयांनी महागले. महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून लिटरला दोन रुपयांचा अधिभार बसविला. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, पण अधिभार गेला नाही. पक्ष कोणताही असो, सरकार कोणत्याही भाषेचे असो, ‘वाढवणे’ हे क्रियापद सर्वांना सारखेच प्रिय आहे.

याचे कारण उघड आहे. इंधनावरचा कर गोळा करणे सोपे असते आणि तो टाळणे जवळजवळ अशक्य. जे वापरावेच लागते त्याचा भाव चढला तरी खप फारसा घटत नाही. शिवाय हा कर माणूस पाहून लागत नाही. उचगावहून पहाटे दुचाकीवर दुधाच्या किटल्या आणणारा गवळी आणि मोठ्या मोटारीतून हवा खायला निघालेला सद्गृहस्थ लिटरमागे सारखाच कर भरतात. गवळ्याचा तो कर दुधात उतरतो, डिझेलवरचा कर भाजीत उतरतो, आणि ज्याच्या घरी वाहन नाही अशी म्हातारीसुद्धा आपल्या ताटातून तो भरीत असते. ‘महाग’ हा शब्द ‘महार्घ’ या संस्कृत शब्दापासून आला. अर्घ म्हणजे मूल्य. ज्याचे मूल्य मोठे ते महाग. परंतु हे मूल्य ज्याच्या त्याच्या मिळकतीप्रमाणे जड किंवा हलके होते, हे कोश सांगत नाही.

मग ग्राहकाने करावे काय? नेहमीचे तीन उपाय आपण ऐकत असतो. पहिला, अमुक दिवशी कुणी पेट्रोल घेऊ नये, म्हणजे कंपन्या शुद्धीवर येतील. हा उपाय मनाला बरा वाटतो, परंतु सोमवारचे पेट्रोल आपण रविवारी किंवा मंगळवारी घेतो. खप तेवढाच राहतो, त्याचा वार तेवढा बदलतो. दुसरा, सीमा ओलांडून स्वस्त पेट्रोल आणणे. गुरुजींच्या पद्धतीने हिशेब मांडू. पंप वीस किलोमीटरवर आहे, दुचाकी लिटरला चाळीस किलोमीटर जाते. जाऊन येऊन एक लिटर, म्हणजे शंभरेक रुपये जळाले. पाच लिटर भरून लिटरमागे अगदी दहा रुपये वाचले, तरी वाचले पन्नासच. वाटेवरच्या ट्रकवाल्याला हे परवडते, मुद्दाम जाणाऱ्याला नाही. तिसरा उपाय म्हणजे पंपावर नळी धरून उभ्या असलेल्या पोरावर ओरडणे. त्याचा या व्यवहारात काडीचाही हात नसतो.

‘ग्राहक’ या शब्दाकडे पुन्हा पाहा. ‘ग्रह्’ म्हणजे घेणे, आणि ग्राहक हे कर्तृवाचक नाम आहे. व्याकरणाने त्याला कर्ता केले आहे, व्यवहारात मात्र तो कर्म होऊन बसतो. तो कर्ता कधी झाला, याची उदाहरणे आपल्या भाषेच्या इतिहासातच आहेत. १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि वेगवेगळ्या पक्षांतील त्यांच्या सहकारी स्त्रियांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन केली आणि लाटणे मोर्चा निघाला. ते लाटणे आजही स्मरणात आहे, कारण त्या बायका नुसत्या रागावलेल्या नव्हत्या. धान्य, साखर, तेल, रॉकेल यांपैकी नेमके काय हवे, हे त्यांना ठाऊक होते आणि ते देणे कुणाच्या हाती आहे हेही ठाऊक होते. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली आणि कुटुंबांनी गट करून एकत्र खरेदी करण्याची रीत तिने घालून दिली. एकट्या ग्राहकाला बाजार ऐकत नाही, शंभर घरे एकत्र आली की ऐकतो.

याच धर्तीवर आपण तीन गोष्टी करू शकतो.

पहिली गोष्ट मोजून घेण्याची. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप ठेवावे लागते. शंका आली तर त्या मापाने पेट्रोल मोजून दाखवा, असे ग्राहक म्हणू शकतो. भाव आपल्या हाती नाही, माप आहे.

दुसरी गोष्ट नेमके मागण्याची. ‘भाववाढ मागे घ्या’ ही मागणी कुणालाच उद्देशून नसते. त्याऐवजी लोकप्रतिनिधीला लेखी विचारावे, की दराच्या फलकावर तेल किती, केंद्राचा कर किती, राज्याचा किती, हे रोज का लिहिले जाऊ नये? विशिष्ट कारणासाठी बसविलेला अधिभार त्या कारणासाठी खर्च झाला का, आणि कारण संपल्यावर तो का संपला नाही? १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा पेट्रोल आणि डिझेल त्याबाहेर राहिले. ती केव्हा आत घ्यावयाची त्या तारखेची शिफारस कर परिषदेने करावी, असे राज्यघटनेतच म्हटले आहे. त्या तारखेविषयी आपल्या राज्याची भूमिका काय? अशा प्रश्नांना उत्तर द्यावेच लागते, निदान टाळताना तरी दिसावे लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत जवळची. पुन्हा हिशेब मांडू. घर शाळेपासून चार किलोमीटर. पालक मुलाला सोडतात, परततात, पुन्हा आणायला जातात, परततात. रोजचे सोळा किलोमीटर झाले. दुचाकी लिटरला चाळीस जाते असे धरले, तर रोज चार दशांश लिटर आणि शाळेच्या दोनशेवीस दिवसांत अठ्ठ्याऐंशी लिटर. लिटरला शंभर रुपये धरले, तर एका घराचे आठ हजार आठशे. अशी दोनशे घरे असतील, तर वर्षाला साडेसतरा लाखांहून अधिक रुपये आपण शाळेच्या फाटकाशी जाळतो. हा खर्च कुणी वाढवला? याचे उत्तर दिल्लीत नाही.

या पैशाच्या काही अंशात येळ्ळूर, कडोली, सांबरा, उचगाव या वाटांवर शाळेच्या वेळेच्या गाड्या चालू शकतील. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात राज्याच्या साध्या बसगाड्यांतून स्त्रियांचा प्रवास विनामूल्य झाला. मुलींचा आणि आयांचा खर्च त्याने वाचला. परंतु तिकीट फुकट असून काय उपयोग, जर दहाच्या शाळेला गाडी साडेदहाला येत असेल? पालकसंघाने मुलांची संख्या, गावे आणि वेळा यांचा तक्ता करून वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाकडे जावे. भावाविरुद्धची तक्रार हजार दारांवर आदळून परत येते. अमुक थांब्यावर साडेनऊला गाडी हवी, ही मागणी एका टेबलावर जाऊन बसते.

मराठीत ‘भाव’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, मनातला आणि बाजारातला. बाजारातला भाव चढला की मनातला भाव खवळतो, हे स्वाभाविक आहे. गणित शिकविणाऱ्या शिक्षकाच्या नावाच्या व्याख्यानमालेत मी एवढेच सुचवू इच्छितो, की या दोहोंच्या मध्ये एक कागद आणि एक पेन्सिल असावी. विद्यार्थिमित्रहो, येत्या आठवड्यात आपल्या वर्गातील किती मुले कोणत्या गावाहून, कशाने आणि किती वाजता येतात, याचा तक्ता तुम्हीच करा आणि मुख्याध्यापकांच्या हाती द्या. पालकसंघाला पुढचे पाऊल टाकण्यास तो पुरेसा होईल.