एकगठ्ठा मतांचे मोल
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



निवडणूक जवळ आली की सर्वच पक्षांच्या पुढाऱ्यांना आपल्या लहानशा ज्ञातीची आठवण होते. संघाने एकाच पक्षास कायमचा पाठिंबा जाहीर करावा, अशी सूचना काही बांधवांनी केली आहे. तिचा विचार करताना अमेरिकेतील कृष्णवर्णीय मतदारांचा इतिहास आम्हांस बोधप्रद वाटतो.

लिंकनने १८६३ साली गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. त्या स्मृतीने हा समाज सुमारे सत्तर वर्षे बहुतांशी रिपब्लिकन पक्षाशी एकनिष्ठ राहिला. पुढे महामंदीत रूझवेल्टच्या योजनांनी पोटास आधार दिला, तेव्हा १९३६ मध्ये त्याची बहुसंख्य मते डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळली. १९६४ मध्ये अध्यक्ष जॉन्सनने नागरी हक्क कायद्यावर सही केली; प्रतिस्पर्धी गोल्डवॉटरने त्याच कायद्याविरुद्ध मत दिले होते. तेव्हापासून अध्यक्षीय निवडणुकांत या समाजाची दहापैकी सुमारे आठ वा अधिक मते डेमोक्रॅटिक पक्षासच पडत आली आहेत. २००५ साली रिपब्लिकन पक्षाचे प्रमुख केन मेहलमन यांनी कृष्णवर्णीयांच्या संस्थेपुढे पक्षाची चूक कबूल केली. तरीही पारडे फिरले नाही.

निष्ठा गोड शब्दांनी नव्हे, कृतीनेच जडते व कृतीनेच तुटते. परंतु मत गृहीत धरले गेले की एक पक्ष निश्चिंत होतो आणि दुसरा उदासीन. म्हणून संघाने पाठिंब्याचा ठराव करू नये. वसतिगृह व शिष्यवृत्त्यांचा हिशेब प्रत्येक उमेदवारास विचारावा, आणि मत ज्याने त्याने आपल्या विवेकानुसार द्यावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.