डॅमरेज म्हणजे डॅमेज नव्हे
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील तरुण नोकरीची वाट न पाहता व्यापारात शिरत आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. त्यांच्यापुढे आम्ही आज एकाच शब्दाविषयी बोलणार आहो. तो शब्द 'डेमरेज'. पेठेत त्यास सर्रास 'डॅमरेज' म्हणतात, आणि अनर्थाचे मूळ तेथेच आहे.

१९८४ साली आमच्या थोरल्या बंधूंनी गुंटूरहून मिरचीची पोती रेल्वेने मागविली. माल स्टेशनात येऊन पडला. पण बिल्टी बँकेमार्फत आलेली, पैसे भरल्यावाचून ती हाती पडेना. जुळवाजुळव करून बंधू स्टेशनावर गेले, तो गुड्स क्लार्कने 'डॅमरेज' मागितले. बंधू आमच्याकडे आले. आम्ही पडलो इंग्रजीचे मास्तर! मोठ्या ऐटीत सांगितले, "अण्णा, डॅमेज म्हणजे नुकसान. पोती शाबूत आहेत ना? मग एक पै देऊ नका." अण्णा चार दिवस भांडले. त्या चार दिवसांचा आकार वर चढला आणि खेपेचा सारा नफा त्यात गेला. आम्हांस ते एका शब्दाने बोलले नाहीत. वहीत मात्र ती रक्कम 'मास्तरांचे इंग्रजी' या नावे खर्ची पडलेली आम्ही पुढे पाहिली.

कोश आम्ही त्यानंतर उघडला. या शब्दाचा नुकसानीशी काही संबंध नाही. थांबणे, रेंगाळणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून तो आला. ठरल्या मुदतीहून अधिक काळ जहाज अडकवून ठेविले, तर जहाजवाल्यास द्यावयाची रक्कम ती डेमरेज. रेल्वेने तोच शब्द वाघिणींना लावला. १९८९ च्या रेल्वे कायद्यात भेद स्पष्ट आहे: मोफत मुदतीनंतर वाघीण अडली तर डेमरेज, माल रेल्वेच्या आवारातून हलविला नाही तर व्हार्फेज. म्हणजे अण्णांनी भरले ते वस्तुतः व्हार्फेजच! गुड्स क्लार्कही चुकला आणि आम्हीही. असो.

आता कंटेनरचे युग आहे. न्हावा-शेव्यास भरलेला कंटेनर बंदरात रेंगाळला तर डेमरेज, आणि बाहेर नेऊन रिकामा परत करण्यास उशीर झाला तर डिटेन्शन, अशी सामान्यतः विभागणी करतात. तथापि प्रत्येक कंपनीचा रिवाज निराळा. यास्तव माल मागविण्यापूर्वीच विचारावे की मोफत दिवस किती, ते केव्हापासून मोजावयाचे, आणि सुट्टीचे दिवस त्यांत धरतात की नाही. उत्तर तोंडी घेऊ नये, लेखी घ्यावे.